मोतीरामचं पहिलं कलम

मोर्शीच्या आसपासच्या संत्र्याच्या नर्सऱ्यांमध्ये मोतीरामचा अंगठा सगळ्यांच्या ओळखीचा होता. कलम बांधणारे बाकीचे लोक रोपावर डोळा बसवत, पट्टी गुंडाळत, गाठ मारत आणि उकिडवेच पुढच्या रोपाकडे सरकत. मोतीराम सरकत नसे. गाठ मारून झाली की तो तिच्यावर उजव्या हाताचा अंगठा ठेवी, डोळे मिटी आणि चार श्वास तसाच बसून राही. "मोतीरामभाऊ नाडी पाहून राहिले," असं म्हणून पट्ट्या कापणाऱ्या बाया हसत. मालक चिडे, हात उचला म्हणे. पण मोतीरामनं बांधलेलं कलम सहसा मरत नाही हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून चिडून झालं की तोच चहा सांगे.

ज्यांनी हे काम कधी पाहिलं नाही त्यांना आधी एक गोष्ट सांगून टाकतो. आपण बाजारातून गोड संत्रं आणतो त्याचं झाड स्वतःच्या मुळांवर उभं नसतं. खाली असते जंबेरी. काटेरी, आंबट आणि चिवट. तिचं बी पेरायचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीला चीर द्यायची आणि संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, त्या चिरेत सरकवून बांधून टाकायचा. डोळा जगला की वरची जंबेरी छाटायची. त्यानंतर जन्मभर मुळं जंबेरीची आणि नाव संत्र्याचं. खाली राबणाऱ्या त्या बुंध्याला खुंट म्हणतात. मोतीरामनं आयुष्यात किती जंबेऱ्यांचे शेंडे उडवले याचा हिशेब त्याच्याकडे नव्हता, आणि तो मागायला कोणी आलंही नव्हतं.

बुद्धपौर्णिमा होऊन गेली होती आणि ऊन असं की नर्सरीतल्या हिरव्या जाळीखालीही डोळ्यांपुढे पिवळं दिसे. अशा एका दुपारी अकोल्याहून भाच्याचा, धम्मदीपचा फोन आला.

"मामा, आता तुमीच या. आईनं हट्ट धरला. राजापेठची जागा बिल्डरले दिली, मृगाच्या आधी घर खाली करून द्यायचं आहे. मी इथी तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली, अन् ते म्हनते झाड आल्याशिवाय मी येत नाई."

"कोनतं झाड?" मोतीरामनं विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"कोनतं म्हंजे? तुमचं. तुमच्या संत्र्याचं."

मोतीरामनं फोन ठेवला आणि बराच वेळ उजव्या हाताचा अंगठाच पाहत बसला.

आता त्या झाडाची गोष्ट. माणिकबाई ही मोतीरामची थोरली बहीण. त्यांची आई गेली तेव्हा मोतीराम इतका लहान होता की आईचा चेहरा आठवायला गेलं तर त्याला माणिकबाईचाच आठवे. तिचं लग्न अमरावतीला झालं, नवरा एसटीच्या डेपोत होता, आणि नवरीच्या मागोमाग टिनाच्या पेटीवर बसून हा भाऊही राजापेठच्या त्या दोन खोल्यांत येऊन राहिला. शाळेत काही त्याचं जमलं नाही. मिसरूड फुटायच्या सुमारास तो परत मोर्शीकडे गेला, नर्सरीत लागला, आणि पहिल्या हिवाळ्यात हातात चाकू मिळाल्यावर त्यानं जे पहिलं कलम बांधलं ते बहिणीला दिलं. धीर कुठला असायला! डोळा हिरवा दिसतोय एवढं पाहिलं, वरचा शेंडा छाटला आणि पट्टी सुटायच्या आधीच ते रोप मांडीवर घेऊन एसटीनं अमरावतीला आणलं. मागच्या अंगणात स्वतः लावलं, पट्टी कधी सोडायची ते बहिणीला दहा वेळा सांगितलं आणि रात्रीच्या गाडीनं परत गेला.

पुन्हा यायला त्याला दीड-दोन वर्षं लागली. अंगणात पाऊल ठेवलं आणि तो थेट झाडापाशी गेला. झाड छान वाढलं होतं, पण ते संत्रं नव्हतं. काटे जंबेरीचे, पान जंबेरीचं, चुरगळल्यावर वास जंबेरीचा. वीतभर उंचीवर, जिथं त्यानं डोळा बसवला होता, तिथं एक वाळकं खोड तेवढं राहिलं होतं आणि सगळं झाड त्याच्या खालून, बुडातून फुटलं होतं. गाठ ढिली राहिली. घाई केली. डोळा वाळला आणि खुंटानं घर बळकावलं. त्याला हे एका नजरेत कळलं, आणि तेवढ्यात माणिकबाई मागून येऊन म्हणाली, "पाह्य, तुहं संत्रं कसं वाढून राहिलं!"

तिचा चेहरा इतका फुललेला होता की मोतीरामची जीभ उचललीच नाही. पुढं फळं आली, खडबडीत सालीची, दात आंबवणारी. माणिकबाई ती पिळून भरपूर साखर घालून द्यायची आणि विचारायची, "गोड आहे न?" तो म्हणायचा, "गोड आहे, बाई." हा संवाद त्या अंगणात चाळीसेक वर्षं चालला. भावोजी गेले, धम्मदीप शिकला, नोकरीला लागला, अकोल्याला गेला, संवाद तोच. गल्लीत झाडाचं नाव 'मोतीरामचं संत्रं' असं पडलं. मोर्शीकडे जन्मलेली बाई संत्रं आणि जंबेरी ओळखत नाही हे खरं म्हणजे कोणाच्याही गळी उतरायचं नाही. पण माणसाला जे मानायचं असतं ते तो बिनबोभाट मानतो, आणि मोतीरामला हेच मानायचं होतं. नर्सरीत मात्र त्या दिवसापासून तो प्रत्येक गाठीवर अंगठा दाबून धरू लागला.

दुसऱ्या दिवशी तो राजापेठेत पोचला तेव्हा ट्युशन क्लास सुटले होते आणि गल्लीत स्कूट्यांची झुंबड होती. त्या गर्दीतून वाट काढत तो आत वळला. माणिकबाई दारातच बसली होती, पांढऱ्या पातळाचा पदर डोक्यावर ओढून.

"आला का? वाटलं, ऊन पाहून परत गेला असशीन."

"ऊन काय आज पाहून राहिलो का मी?"

"पानी पे. मंग बोलू." तो पाणी पिईपर्यंत ती थांबली. "धम्मदीपनं तुले समजवाले धाडलं न? समजव मंग."

मोतीरामनं रिकामा पेला जमिनीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. लहानपणापासून तिच्यापुढं त्याचं असंच होई.

"झालं समजवून? आता माहं आईक. अख्खं झाड येत नाई हे मले बी समजते. त्याचं कलम बांधून दे. तुह्या हातचं पयलं कलम होय ते, दुसरं बी तुह्याच हातचं पाहिजे. ते घेऊन मी निघतो. तोवर इथून हलत नाई. बिल्डरले म्हना, आधी मले पाड."

मग ती उठली, आत गेली आणि पेला भरून घेऊन आली. झाडावर उन्हाळ्यातही चार-दोन फळं असायचीच. "गोड आहे न?"

"गोड आहे, बाई," मोतीराम म्हणाला. त्याच्या कानशिलापर्यंत कळ गेली.

जेवण झाल्यावर मागच्या अंगणात झाडाखाली बाज टाकून तो आडवा झाला. आत कूलर घरघरत होता, माणिकबाई जमिनीवर ओल्या फडक्यावर डोकं ठेवून झोपली होती. बाहेर वारा म्हणून नव्हता, तरी झाडाखाली एक थंडावा होता, आणि उशिरानं आलेल्या थोड्या फुलांचा वास. मोतीरामनं वर पाहिलं. पांढऱ्या पाकळ्या, खालून जांभळट. त्याला एकदम नवल वाटलं. आपण इतक्या जंबेऱ्या पेरल्या, पण फुलावर आलेली, डोक्याच्या वर गेलेली, सावली देणारी जंबेरी या एका अंगणाशिवाय कुठं पाहिली? मोर्शीकडे कोणी तिला इतकं वाढूच देत नाही. तिचा शेंडा पहिल्याच वर्षी जातो. डोळे मिटले तेव्हा त्याला नर्सरीतला छाटलेल्या शेंड्यांचा ढीग दिसला, हिवाळ्यातल्या सकाळच्या उन्हात पडलेला, आंबट वासाचा. आणि मग तो ढीग हळूहळू उभा राहू लागला, एकेक शेंडा आपापल्या बुंध्यावर जाऊन बसला, रांगाच्या रांगा वाढत गेल्या, आणि त्या सगळ्या गार जंगलातून पाण्याचा तांब्या घेऊन माणिकबाई चालत होती, नव्या लुगड्यातली, जशी तो पेटीवर बसून आला तेव्हा होती.

जाग आली तरी तो तसाच पडून राहिला. कामाचा विचार करायला त्याला अशी अर्धी झोपच बरी वाटे. कलम बांधायचं तर कोणतं बांधायचं? डोळा भरावा, तर त्याचा हंगाम दिवाळीनंतरचा. या उन्हात झाडाचा रस आटलेला असतो, साल लाकडाला घट्ट धरून बसते. चाकूचं टोक घातलं तर ती सुटत नाही, फाटते. गुटी बांधावी, म्हणजे फांदीची साल गोल काढून तिथं ओलं शेवाळ बांधायचं आणि फांदीला झाडावरच मुळं फुटू द्यायची. पण त्याला हवेत दमटपणा लागतो. पाचर मारावी, म्हणजे खुंट मधोमध चिरून त्यात काडी खोचायची. सीताफळाला ते चालतं, पण तिलाही ढगाळ दिवस लागतात. उरली भेट. कुंडीतलं रोप उचलून झाडाच्या फांदीपाशी न्यायचं, दोघांची साल थोडी तासून अंगाला अंग लावून बांधायचं, आणि एकजीव होईपर्यंत फांदी आईपासून तोडायची नाही. सगळ्यांत सावकाश आणि सगळ्यांत मायेचं काम. मोतीरामला वाटलं, आपण स्वतः भेट कलमातलेच. आई गेल्यावर बाईच्या अंगाला लावून आपल्याला बांधलं, आणि चांगलं धरल्यावरच तोडलं. हे त्याला इतकं पटलं की तो बाजेवर उठून बसला. पण भेटीला दोन-तीन महिने लागतात आणि घराला तेवढे दिवस नव्हते.

आणि हे सगळं कशासाठी? जंबेरीच्या खुंटावर जंबेरी बांधायला! त्याचं त्यालाच हसू आलं, आणि हसू येताच वाईट वाटलं.

संध्याकाळी त्यानं माणिकबाईच्या देखत चार काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि म्हणाला, "नर्सरीत नेऊन बांधतो. तठी खुंट तयार आहेत."

"नीट बांधजो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

मोर्शीच्या नर्सरीत गयासुद्दीन होता. तो आंब्याच्या कलमांचा माणूस. त्याच्या आजापासून घरात भेट कलम चालत आलेलं, आणि डोळा भरणाऱ्यांना तो आजही जरा खालच्याच पायरीवर बसवी. दोघांची दोस्ती जुनी होती, आणि दोस्तीचा बराचसा भाग या एका भांडणाचाच होता.

"भेट बांध," काड्या पाहून तो लगेच म्हणाला. "मायले न तोडता लेकरू अलग करायचं, यात इन्सानियत आहे. तुमचा डोळा म्हंजे कसाईचं काम."

"अन् अमरावतीले जाऊन त्या कुंडीले पानी कोन घालीन? जेसीबीवाला?"

"मग गुटी."

"या उन्हात? शेवाळाचा दुपारपर्यंत पापड होते."

"तर पाचर मार. खुंटाची काय कमी आहे आपल्याकडं?"

"अन् जंबेरीवर जंबेरीच चढवू का?" मोतीराम वैतागून बोलून गेला.

गयासुद्दीननं एक काडी उचलली, पान चुरगळलं, हुंगलं. मग तो इतका हसला की पट्ट्या कापणाऱ्या बाया माना वर करून पाहू लागल्या. "अरे दिवान्या! जंबेरीले कलम कायले पाहिजे? बी टाक. आंब्याची कोय टाकली तर काय निघीन भरवसा नाही, पण जंबेरी? जशी माय तशीच लेक. जिंदगीभर आपन काय पेरून राहिलो मग?"

हे मोतीरामला माहीत नव्हतं असं नाही. राजापेठेतल्या बाजेवरही ते त्याच्या मनात आलं होतं आणि त्यानं दुसऱ्या कुशीवर वळून ते टाळलं होतं. त्यानं पहिल्यांदाच गयासुद्दीनला सगळी हकीकत सांगितली. ढिली गाठ, वाळलेला डोळा, साखरेचा रस, सगळी. "बी टाकाचं म्हटलं तं बाईले सांगा लागते, का हे संत्रं नाईच. तिनं जनमभर साऱ्या गल्लीले सांगितलं, माह्या भावाचं कलम, माह्या भावाचं कलम. आता कोन्या तोंडानं सांगू मी?"

गयासुद्दीनचं हसू थांबलं. "मग काय करतो?"

"खरं संत्रं नेऊन देतो. दोन हात वाढलेलं, माह्याच हातानं बांधलेलं. तिच्या जिवात जीव आहे तोवर एक डाव तरी तिनं माह्या हातचं गोड खावं. तेवढं तं देनं लागतो मी तिचं."

"तिनं गोड मागितलं का पन?" गयासुद्दीननं विचारलं. मोतीरामनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि वाफ्यातलं सगळ्यांत देखणं रोप निवडायला गेला. त्या काड्या त्यानं पाण्याच्या टाकीमागे ठेवल्या. फेकून द्यायचा हात झाला नाही.

आठवड्याभरानं तो रोप घेऊन राजापेठेत हजर झाला. कलमाची आठवड्यात दोन हात वाढ होत नाही हे अडाण्यालाही कळतं, पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा ते असंच अघळपघळ बोलतो. "खुंट तयारच होता, बाई. तुह्या झाडाची काडी लागली अन् सपाट्यानं वाढली."

घरातलं सामान बांधून झालं होतं. माणिकबाई एका गाठोड्यावर बसली होती. तिनं रोप जवळ ओढलं. खोडावरून हात फिरवला, काटा लागतो का पाहिलं. एक पान तोडून चुरगळलं आणि नाकाशी धरलं. मोतीराम अंगणाकडे पाहत राहिला.

"हे आपलं झाड नाई," ती म्हणाली.

"असं कसं, बाई?"

"मोत्या, हे संत्रं होय."

बाहेर कोणीतरी स्कूटीला किक मारत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"अन् आपलं?" मोतीरामनं कसंबसं विचारलं.

"आपली जंबेरी. मी का मुंबईची होय का, मले जंबेरी समजत नाई? आपली माय जंबेरी पिळून डोक्याले लावून देत होती. तुले नसन आठवत." तिनं चुरगळलेलं पान नीट दुमडून ठेवलं. "चाळीस वर्सं साखर घालून घालून तुले पाजली अन् तू गोड आहे म्हनून पेला. मले वाटे, आज म्हनीन, उद्या म्हनीन. तू काई म्हनला नाई."

"तूच काहून नाई बोलली मंग?"

माणिकबाईनं पदर पुढं ओढला. एवढी फटकळ बाई, पण आता तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "कारन माहीच चूक होती. तू गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनं म्या पट्टी सोडली, तू सांगितलं तशी. अन् तुह्या डोळ्याले दोन पानं आल्ती, मोत्या. पोपटी, नखाएवढी. म्या पाह्यली. मले इतका आनंद झाला का बाया बोलवाले धावत गेली, चाला, माह्या भावाचं कलम फुटलं, पाहाले चाला. फाटक उघडंच राह्यलं. आमी चौघीजनी आलो तं शेजारच्या सुंद्रीची बकरी तठी उभी. दोन्ही पानं अन् डोळा, सारं खाऊन रवंथ करून राहिली होती."

मोतीरामची नजर झाडाच्या बुडाकडे गेली.

"मंग खालून फुटलं ते फुटलं. तुले काय सांगू? पोरानं पयलं कलम मांडीवर घेऊन आनलं अन् म्या बकरीले चारलं? तू आला अन् झाडाले पाहून चूप बसला, तं मले वाटलं याले समजलं नाई, बरं झालं. मंग मी बी संत्रंच म्हनत राहिली."

"बकरीनं खाल्लं?" मोतीराम म्हणाला.

"बकरीनं."

"गाठ ढिली नव्हती?"

"गाठ? कायची ढिली! ते पट्टी सोडता सोडता माहं नख तुटलं होतं."

मोतीरामनं आपला उजवा हात पुढं धरला आणि अंगठा असा पाहिला, की जणू तो आताच कोणी आणून दिला. प्रत्येक हिवाळ्यातली प्रत्येक गाठ, तिच्यावरचे चार श्वास, बायांचं हसणं, मालकाचं चिडणं, सगळं त्याच्या समोरून सावकाश गेलं. त्याला खूप हसावंसं वाटलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. माणिकबाईनं त्याला रडू दिलं. मग उठून ती अंगणात गेली, झाडावर उरलेलं शेवटचं पिवळं फळ काढून आणलं, विळीवर चिरलं आणि पेल्यात पिळलं. या वेळी साखर घातली नाही.

"कसं आहे?"

मोतीरामनं घोट घेतला. तोंड वेडंवाकडं झालं. "आंबट आहे, बाई. लय आंबट."

"हां," माणिकबाई म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं, की कोणाला वाटावं तिच्या पोराला पहिला नंबर मिळाला.

मग कामाला फार वेळ लागला नाही. जंबेरीचं बी वाळू द्यायचं नसतं. मोतीरामनं फळाच्या फोडींतून एकेक बी बोटानं सोडवलं, धुतलं, आणि धम्मदीपनं खोली रंगवल्यावर सामान भरायला इकडं पाठवलेल्या रंगाच्या रिकाम्या बादलीला खाली भोकं पाडून तिच्यात झाडाखालचीच माती भरली. संत्र्याचं रोपही सोबत न्यायचं ठरलं. धम्मदीपला गोड आवडतं, त्याच्या फाटकापाशी मातीचा एक पट्टा आहे, तिथं दोन्ही मावतील. डोळा नाही, भेट नाही, गुटी नाही, पाचर नाही. मोतीराम उकिडवा बसला, बोटानं भोक पाडून बी टाकत गेला, माती लोटत गेला. शेवटच्या बीवर माती लोटून झाल्यावर त्यानं सवयीनं अंगठा ठेवला, डोळे मिटले आणि चार श्वास तसाच बसून राहिला. इथं गाठ नव्हती, दाबायचं काही नव्हतं. तरी त्यानं हात काढला नाही, आणि माणिकबाईनंही घाई केली नाही.

"याचा शेंडा कोनी कापाचा नाई," ती म्हणाली.

"नाई कापत."

"फळ कदी धरीन?"

कलमाला तीन-चार वर्षांत फळ येतं. बीवरच्या झाडाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. माणिकबाईनं सत्तरी केव्हाच ओलांडली होती. मोतीरामच्या ओठांवर पुन्हा एक खोटं आलं, सवयीचं, साखर घातलेलं. पण त्यानं ते गिळलं. "सात-आठ वर्सं तं लागतीनच, बाई."

माणिकबाईनं बादलीकडे पाहिलं, वर झाडाकडे पाहिलं, हात पदराला पुसले.

"लागू दे," ती म्हणाली. "मी थांबतो." आणि मग त्याच्याकडे वळून, "आता उचल ते बादली, ऊन लागून राहिलं तिले."